संघ शहर सोडून जातो तो कसा?

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातून २०१९ ते २०२४ या काळात तीन व्यावसायिक संघ गेले. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत गेले. अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स २०२०मध्ये लास वेगासला गेले. बेसबॉलचा अ‍ॅथलेटिक्स १९६८पासून तिथे होता आणि त्याने ओकलंडसाठी चार वेळा वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली होती. २६ सप्टेंबर २०२४ला हा संघ ओकलंडच्या कोलिझियम स्टेडियममधला आपला शेवटचा सामना खेळला. त्या दिवशी स्टेडियममध्ये ४६,८८९ प्रेक्षक होते.

एवढी माणसं येणार असतील तर संघ का जातो? बाहेरून बघणाऱ्याला हे कोडं वाटतं. आपल्याकडे मोठी झालेली माणसं संघ म्हटलं की मुंबईचा रणजी संघ डोळ्यांसमोर आणतात. तो संघ मुंबईचा असतो, कारण मुंबईची क्रिकेट असोसिएशन तो निवडते. तो उठून नागपूरला जाईल ही कल्पनाच कुणी करणार नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाची रचना मुळातच वेगळी आहे, आणि ती समजल्याशिवाय ओकलंडमध्ये काय झालं ते कळत नाही.

संघ म्हणजे परवाना

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत, बास्केटबॉलच्या एनबीएत ३०, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये ३२. हे आकडे मालकांनी मिळून ठरवलेले आहेत. खालच्या पातळीवरून जिंकत वर येण्याची सोय नाही, त्यामुळे एखाद्या शहराला संघ हवा असेल तर दोनच मार्ग उरतात: लीगने नवा संघ काढला तर तो मिळवायचा, नाहीतर दुसऱ्या शहराचा ओढून आणायचा. रिक्षाची परमिटं सरकारने मोजकीच ठेवली की परमिटालाच रिक्षापेक्षा जास्त किंमत येते, तसंच इथे होतं. मालकाच्या हातात असतो तो त्या लीगमध्ये खेळायचा हक्क. खेळाडू, प्रशिक्षक, मैदान हे सगळं बदलत राहतं.

म्हणून लीगला एक-दोन मोठी शहरं संघाविना राहिलेली सोयीचीच असतात. नुसतं त्या शहराचं नाव घेतलं तरी सध्याच्या शहराची महापालिका वाटाघाटीला बसते. लॉस एंजेलिसमध्ये १९९५ ते २०१५ या काळात एनएफएलचा एकही संघ नव्हता. त्या वीस वर्षांत अनेक मालकांनी आपापल्या शहरात नव्या स्टेडियमची बोलणी करताना लॉस एंजेलिसचा धाक घातला.

शहर बदलायला बाकीच्या मालकांची परवानगी लागते, आणि ती साधारण तीन चतुर्थांश मतांनी मिळते. एनएफएलमध्ये म्हणजे ३२पैकी २४. ही अट वाटते तितकी कडक नाही. स्थलांतर करणारा मालक बाकीच्यांना स्थलांतर शुल्क देतो: सेंट लुईसहून लॉस एंजेलिसला जाताना रॅम्स या संघाला ५५ कोटी डॉलर आणि रेडर्सना लास वेगाससाठी ३७.८ कोटी डॉलर ठरले होते. मतदान करणाऱ्यालाच त्यातला वाटा मिळतो. शिवाय आज दुसऱ्याला अडवलं तर उद्या आपल्याला अडवतील, हा हिशेब प्रत्येकाच्या मनात असतोच.

लीगने नाही म्हटलं तरी गोष्ट तिथे संपत नाही. १९८०च्या सुमाराला रेडर्सना ओकलंडहून लॉस एंजेलिसला जायचं होतं आणि एनएफएलने नकार दिला होता. प्रकरण मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोर्टात गेलं, लीग हरली आणि १९८२मध्ये रेडर्स गेले. (१९९५मध्ये ते परत आले, आणि पंचवीस वर्षांनी पुन्हा गेले. एका शहराने एकच संघ दोनदा गमावला.) बेसबॉलची गोष्ट निराळी आहे. १९२२मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बेसबॉलला या कायद्यातून सूट दिली आणि ती अजून बऱ्याच अंशी टिकून आहे. त्यामुळे बेसबॉलमध्ये लीगचा शब्द जवळपास अखेरचा असतो.

याचा फटका अ‍ॅथलेटिक्सलाही बसला होता. ओकलंडच्या दक्षिणेला फ्रीमाँट आहे, जिथे आज भारतीय आणि त्यात मराठी घरंही भरपूर आहेत. तिथे स्टेडियम बांधायची योजना २००६मध्ये जाहीर झाली आणि काही वर्षांत बारगळली. मग सॅन होजेचा विचार सुरू झाला, पण तो भाग लीगच्या कागदांत सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या दुसऱ्या बेसबॉल संघाच्या हक्काचा होता. सॅन होजे शहराने दावा लावला. २०१५मध्ये अपिलातही ते हरले, कारण १९२२चा तोच निकाल आड आला. संघ तासाभराच्या अंतरावर राहिला असता, जुन्या प्रेक्षकांना गाडीने जाऊन सामना बघता आला असता. ती वाट बंद झाली आणि शेवटी संघ राज्याबाहेर, लास वेगासकडे निघाला.

खरं भांडण स्टेडियमचं

स्थलांतराच्या बातमीत भावना पुढे असतात, पण फाइल उघडली की आत स्टेडियमच निघतं. सामन्याच्या प्रक्षेपणाचे पैसे संघांमध्ये मोठ्या प्रमाणात वाटले जातात. लक्झरी बॉक्स, क्लब सीट, पार्किंग, खाणंपिणं, स्टेडियमला कंपनीचं नाव देण्याचे पैसे, यातला बहुतांश भाग मात्र यजमान संघाकडेच राहतो. म्हणून मालकाला जास्त खुर्च्या नको असतात, महागड्या खुर्च्या हव्या असतात. अ‍ॅथलेटिक्सचं लास वेगासमधलं स्टेडियम ३३,००० क्षमतेचं आखलेलं आहे. शेवटच्या दिवशी ओकलंडमध्ये आलेली गर्दी त्यात मावली नसती.

हे स्टेडियम बांधायला शहर किंवा राज्य कर्जरोखे काढतं. अशा रोख्यांच्या व्याजावर केंद्राचा आयकर नसला तर ते कमी दराने विकले जातात, म्हणून ही सवलत सगळ्यांनाच हवी असते. १९८६मध्ये कायदा कडक झाला: कर्जाच्या हप्त्यांपैकी १० टक्क्यांहून जास्त रक्कम स्टेडियमच्या खासगी उत्पन्नातून येत असेल तर सवलत नाही. हेतू होता की सार्वजनिक सवलत खासगी धंद्याला जाऊ नये. झालं उलटंच. सवलत टिकवायची म्हणून शहरं संघाकडून नाममात्र भाडं घेऊ लागली आणि हप्ते हॉटेल कर, विक्री कर, गाडीभाड्यावरचा कर यांतून भरू लागली. स्टेडियममधून शहराची भरभराट होते हा दावा दरवेळी केला जातो. या विषयावर काम करणारे बहुतेक अर्थतज्ज्ञ तो मान्य करत नाहीत, कारण माणूस सामन्यावर खर्च करतो ते पैसे बहुधा त्याच शहरातल्या दुसऱ्या हॉटेलात किंवा थिएटरात खर्च झाले असते.

ओकलंडचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. १९९५मध्ये रेडर्स परत यावेत म्हणून शहराने आणि अलमीडा परगण्याने मिळून कोलिझियम वाढवायला कर्ज काढलं. मैदानाच्या पूर्वेला प्रेक्षागृहाचा एक प्रचंड काँक्रीटचा डोंगर उभा राहिला. रेडर्सच्या मालकाच्या आडनावावरून लोक त्याला 'माउंट डेव्हिस' म्हणू लागले. त्यामागे ओकलंडच्या टेकड्या झाकल्या गेल्या. आधी बेसबॉल बघताना त्या टेकड्या समोर दिसायच्या, आणि ते दृश्य हीच त्या जुन्या मैदानाची शोभा होती. कर्ज कसं फिटणार? तर 'सीट लायसन्स' विकून. सीझन तिकीट विकत घेण्याच्या हक्कासाठी आधीच एकरकमी पैसे भरायचे, अशी ती योजना. ही लायसन्स अपेक्षेइतकी विकली गेली नाहीत आणि तूट शहर-परगण्याच्या तिजोरीवर आली. रेडर्स २०२०मध्ये लास वेगासला गेले, तिथे त्यांना स्टेडियमसाठी हॉटेल करातून ७५ कोटी डॉलर मिळाले, आणि इकडे ओकलंड त्यांच्यासाठी काढलेलं जुनं कर्ज फेडत राहिलं.

सेंट लुईसची चूक कागदावरची होती. १९९५मध्ये रॅम्सना आणताना शहराने भाडेकरारात एक कलम मान्य केलं: ठरलेल्या वर्षी हे स्टेडियम लीगमधल्या वरच्या २५ टक्क्यांत नसेल तर संघाला करार मोडून जायची मुभा. स्टेडियम जुनं होत जाणार आणि दुसरीकडे नवी होत राहणार, हे उघड होतं. ती अट पाळणं जवळपास अशक्यच होतं. २०१६मध्ये रॅम्स लॉस एंजेलिसला गेले. शहराने दावा लावला, कारण लीगने स्थलांतराचे स्वतःचेच नियम पाळले नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. २०२१मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पैसे मिळाले, संघ काही परत आला नाही.

जाण्याआधीची लक्षणं

संघ एका रात्रीत गेला असं सांगितलं जातं, ते बाल्टिमोरच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. मेरीलँडचं विधिमंडळ संघ सक्तीने ताब्यात घेण्याचा कायदा करतंय म्हटल्यावर १९८४च्या मार्चमध्ये कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं सगळं सामान रात्रीतून ट्रकांत भरून इंडियानापोलिसला नेलं गेलं. एरवी मात्र खुणा दोन-तीन वर्षं आधी दिसू लागतात.

पहिली खूण भाडेकराराची. तो संपत आला आणि मालक लांब मुदतीचा नवा करार करत नसेल, तर समजावं. अ‍ॅथलेटिक्सचा कोलिझियमचा करार २०२४च्या हंगामानंतर संपणार होता. दुसरी खूण दोन शहरांशी एकाच वेळी बोलणी. २०२१मध्ये लीगने त्यांना लास वेगास बघायला मोकळीक दिली, तेव्हा ओकलंडच्या बंदरालगत हॉवर्ड टर्मिनलवर घरं, दुकानं आणि स्टेडियम असा १,२०० कोटी डॉलरचा प्रकल्पही कागदावर चालू होता. तिसरी खूण मैदानावर दिसते, आणि प्रेक्षकांना सगळ्यात जास्त टोचते तीच: चांगले खेळाडू विकले जातात, तिकिटं महाग होतात, स्टेडियमची डागडुजी थांबते. लोक यायचे कमी होतात. मग मालक सांगतो, बघा, इथे कुणी येतच नाही. २०२२मध्ये अ‍ॅथलेटिक्सला अख्ख्या हंगामात आठ लाखांहूनही कमी प्रेक्षक मिळाले, लीगमधला सगळ्यात कमी आकडा. २०२३मध्ये ते १६२पैकी ११२ सामने हरले.

प्रेक्षकसंख्येचा हा आकडा पुरावा म्हणून वापरणं अन्यायाचं आहे, आणि ओकलंडच्या लोकांनी ते दाखवून दिलं. १३ जून २०२३ला, एका साध्या मंगळवारी, त्यांनी उलटा बहिष्कार पुकारला: सगळ्यांनी स्टेडियममध्ये यायचं. २७,७५९ लोक आले. हजारोंच्या अंगात हिरवे टी-शर्ट होते आणि त्यावर एकच शब्द, 'विका'. पाचव्या डावाच्या सुरुवातीला सगळं स्टेडियम आधी गप्प राहिलं आणि मग संघ विकून टाका म्हणून घोषणा सुरू झाल्या. त्याच दिवशी नेव्हाडाच्या सिनेटने लास वेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक मदतीचं विधेयक मंजूर केलं. नोव्हेंबरात तीसच्या तीस मालकांनी स्थलांतराच्या बाजूने मत दिलं, आणि यावेळी लीगने स्थलांतर शुल्कही माफ केलं. नवं स्टेडियम तयार होईपर्यंत २०२५पासून संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या, चौदा हजारांच्या आसपास क्षमतेच्या छोट्या मैदानावर खेळायला गेला. नावात शहरच नाही, नुसतं 'अ‍ॅथलेटिक्स'.

मागे काय राहतं

इथे क्लीव्हलँडचा आदर्श घ्यावा. ६ नोव्हेंबर १९९५ला ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मालकाने संघ बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडच्या मतदारांनी स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी कर चालू ठेवायला मोठ्या बहुमताने मंजुरी दिली! डिसेंबरात शेवटच्या घरच्या सामन्याला लोकांनी लाकडी बाकं उखडून मैदानात फेकली. पण खरी लढाई कोर्टात झाली. भाडेकराराची वर्षं अजून बाकी होती आणि शहराने त्यावर मनाई हुकूम मिळवला. १९९६च्या फेब्रुवारीत तडजोड झाली ती अशी: खेळाडू आणि करार बाल्टिमोरला जातील, पण ब्राउन्स हे नाव, रंग आणि सगळा इतिहास क्लीव्हलँडचाच राहील, आणि शहराला नवा संघ मिळेल. तो १९९९मध्ये आला. बाल्टिमोरच्या संघाला रेव्हन्स हे नवं नाव घ्यावं लागलं. सिअ‍ॅटलने २००८मध्ये सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ गमावताना ४.५ कोटी डॉलर घेतले आणि नाव-रंग मागे ठेवून घेतले, हे त्याच वाटेने. बाल्टिमोरला मात्र कोल्ट्स हे नाव परत मिळालं नाही. तिथे उरला तो संघाचा बँड. संघ गेला त्या रात्री बँडचे गणवेश लॉन्ड्रीत होते म्हणून वाचले. पुढे जवळपास बारा वर्षं हा बँड संघाशिवाय वाजत राहिला.

क्लीव्हलँडच्या अनुभवावरून ओहायोने कायदा केला: सार्वजनिक पैशाच्या सोयी वापरणाऱ्या संघाने शहर सोडण्याआधी सहा महिन्यांची नोटीस द्यायची आणि स्थानिकांना संघ विकत घ्यायची संधी द्यायची. वीसेक वर्षं तो कायदा नुसता पडून होता. २०१७मध्ये कोलंबस क्रू हा फुटबॉल (सॉकर) संघ ऑस्टिनला न्यायचा बेत उघड झाला, तेव्हा तो कामाला आला. मालकाने संघ विकत घेतानाच करारात ऑस्टिनची वाट उघडी ठेवली होती, हेही तेव्हाच कळलं. चाहत्यांनी मोर्चे काढले, आणि त्याबरोबर सीझन तिकिटांचे लेखी वायदे गोळा केले, स्थानिक कंपन्यांना प्रायोजक म्हणून उभं केलं, राज्य आणि शहराकडून दावा लावून घेतला. खटल्याने वेळ मिळाला, त्या वेळात स्थानिक खरेदीदार मिळाले. दोनच वर्षांनी, २०२०मध्ये, क्रूने लीगचं विजेतेपद जिंकलं.

संघ गेल्यावर इंग्लंडमध्ये आणखी एक वाट उघडी असते, कारण तिथे नवा क्लब अगदी तळाच्या लीगपासून सुरू होऊन जिंकत वर चढू शकतो. लंडनच्या विम्बल्डन या फुटबॉल क्लबने १९८८मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. मे २००२मध्ये फुटबॉल असोसिएशनच्या तिघांच्या समितीने दोन विरुद्ध एक मताने हा क्लब सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी दिली. चाहत्यांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन उभा केला. जूनमध्ये विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खुली निवड चाचणी घेतली. नवव्या पातळीवरून सुरुवात केली, आणि नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून २०११मध्ये हा क्लब व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोचला. २००७मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबने जुने सन्मान विम्बल्डन ज्यात येतं त्या मर्टन भागाला परत केले. २०२०मध्ये एएफसी विम्बल्डन प्लाऊ लेनला, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, नव्या स्टेडियममध्ये आला. क्लबची सूत्रं चाहत्यांच्या ट्रस्टकडे आहेत. ओकलंडकरांनी या वाटेचा जमेल तेवढा भाग उचलला: २०२४मध्ये पायोनियर लीग या छोट्या बेसबॉल लीगमध्ये ओकलंड बॉलर्स सुरू झाला, चाहत्यांनी त्यात पैसे गुंतवले, आणि २०२५मध्ये त्या संघाने लीग जिंकलीही. पण तिथून चढून मेजर लीगमध्ये जाता येत नाही. फरक पडतो तो इथे.

आणि बालेवाडी

भारतात इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल लीगने अमेरिकेचा साचा घेतला, म्हणून तिथलं दुखणंही आलं. २०१९मध्ये दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. त्याच वर्षी २०१४पासून बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी बंद पडला. त्याआधीच्या वर्षी, २०१७-१८मध्ये, तो पहिल्यांदाच उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. मालकांची आर्थिक बाजू ढासळली, नवे गुंतवणूकदार आले आणि लीगमधली ती जागा हैदराबाद एफसी या नावाने गेली. मार्सेलिनो, आदिल खान, निखिल पुजारी असे खेळाडू तिकडे गेले. मार्सेलिनो तर आधी दिल्लीकडून खेळून पुण्यात आला होता, म्हणजे लीगमधून नाहीशा झालेल्या दोन्ही नावांचे शर्ट त्याने घातले.

पुण्याच्या 'ऑरेंज आर्मी' या चाहत्यांच्या गटाकडे क्लीव्हलँडसारखं अडवायला काही नव्हतं. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल राज्य सरकारचं आहे. पुणेकरांच्या डोक्यावर कर्ज राहिलं नाही ही त्यातली बरी बाजू. पण हातात भाडेकरारही नव्हता, नोटिशीचा कायदा नव्हता, नावावर हक्क सांगायला शहरातली एखादी संस्थाही नव्हती. हैदराबादने २०२१-२२मध्ये त्या जागेवर आयएसएलचं विजेतेपद मिळवलं. २०२५मध्ये आर्थिक अडचणींनंतर मालक बदलले आणि तीच जागा दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाली. पुण्यात नवा क्लब निघेल तेव्हा पहिल्या हंगामाचं तिकीट काढण्याआधी चाहत्यांच्या गटाने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: नाव आणि बोधचिन्ह कुणाच्या नावावर नोंदवलंय, मैदानाचा करार किती वर्षांचा आहे, आणि विक्री झाल्यास स्थानिकांना किती दिवस आधी कळवणार.